नामिब वाळवंटातील पाणीपुरवठा

५ मार्च २०१७, रविवार. पुंगोल, सिंगापूर.

ही वही आज दुपारी अनघानं आणून दिली. "बाबा, दिवसभर गॅलरीत उभं राहून खालच्या बागेतल्या माळ्याला सूचना देण्यापेक्षा काहीतरी लिहा," म्हणाली. मी सूचना देत नव्हतो. तो भर दुपारी बारा वाजता झाडांना पाणी घालत होता. निम्मं पाणी उडून जातं, एवढंच मी हातवारे करून सांगत होतो. त्याला बहुधा वाटलं, मी नमस्कार करतोय. तोही हात हलवत होता.

वही नवी आहे, म्हणून रीतसर नोंद करतो. मी निशिकांत, वय चौसष्ट. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त. पत्नी मधुमती हिच्यासह मुलीकडे, म्हणजे अनघाकडे, दोन महिन्यांसाठी आलो आहे. जावई सुबोध आयटीत आहे, महिन्यातले निम्मे दिवस जकार्ताला असतो. नात जाई, वय आठ. मुक्काम तेराव्या मजल्यावर. पाण्याचा दाब उत्तम.

काल अनघाच्या एका मैत्रिणीच्या काँडोत, म्हणजे सोसायटीतल्या फ्लॅटवर, मराठी मंडळी जमली होती. नव्या पाहुण्यांनी ओळख करून द्यायची होती. मी उभा राहिलो तेव्हा स्वयंपाकघरातला नळ ठिबकत असल्याचं कानावर आलं, म्हणून त्या अनुषंगानं थोडं बोललो. एका मिनिटाला चाळीस थेंब धरले तर दिवसाला किती, वर्षाला किती, हे तोंडी करून दाखवलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. खोकल्याची साथ मात्र फार आहे इथं. जो तो तोंडावर रुमाल धरून बसला होता.

शेवटी एक दाढीवाला तरुण आला. वरुण नाव. इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक करतो, धुक्यातून पाणी गोळा करणारे पडदे बनवतो. विषय ऐकूनच मला तो आवडला. म्हणाला, "काका, आफ्रिकेतल्या वाळवंटी प्राण्यांवर मी एक फिल्म करतोय, मराठीत. मला तुमचा आवाज हवाय."

मी विचारलं, "माझाच का?"

तो जरा अडखळला. "तुमच्या बोलण्यात एक... खात्री आहे."

हे खरं आहे.

८ मार्च, बुधवार

वरुण संध्याकाळी लॅपटॉप घेऊन आला. त्यानं आठ महिने नामिबियात काढलेत. अभ्यास भुंगेऱ्यांचा, पण जवळ कॅमेरा होता, त्यामुळे समोर येईल ते टिपत गेला. पाडव्याच्या स्नेहमेळाव्यात, दोन एप्रिलला, पाऊण तासाची फिल्म दाखवायची आहे. पैशांचा काही संबंध नाही, हौसेचं काम आहे. मी व्हिजिटर म्हणून आलोय, इथं कमाई करता येत नाही, त्यामुळे तेच बरं.

भुंगेरा पाहिला. थक्क झालो. पहाटे समुद्रावरून धुकं येतं, तेव्हा हा वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर जातो आणि शीर्षासनासारखा उलटा उभा राहतो. पाठीवर थेंब जमतात आणि घरंगळत तोंडात येतात. एका सकाळी स्वतःच्या वजनाच्या आठव्या हिश्शाएवढं पाणी! चौतीस वर्षं मी कुठं होतो?

वरुणनं लिहून आणलेली संहिता मात्र सुमार होती. "आपले भुंगेरेबुवा" वगैरे. मी स्पष्ट सांगितलं, की हा माहितीपट आहे, यात माहिती हवी. तो लगेच म्हणाला, "काका, मग तुम्हीच लिहा ना! तुमच्या भाषेत. खात्यात लिहायचात तसंच." त्याचे डोळे चमकत होते. चूक दाखवल्यावर आनंद होणारी तरुण माणसं कमी असतात.

११ मार्च, शनिवार

पहिलं ध्वनिमुद्रण. वरुण तोआ पायोहला भाड्यानं राहतो. पुंगोलहून निघून सेरंगूनला एकदा आणि बिशानला एकदा गाडी बदलायची. एकटा गेलो. चुकलो नाही, फक्त पुंगोलमध्ये एलआरटीत, म्हणजे वस्तीतून फिरणाऱ्या छोट्या गाडीत, उलट्या बाजूनं बसलो. ती गोलच फिरते, त्यामुळे स्टेशन यायचं तेव्हा आलंच.

स्टुडिओ म्हणजे वरुणचं कपड्यांचं कपाट. कपडे काढून आत चारी बाजूंना रजया टांगल्या आहेत. या रजया त्याच्या आईनं पुण्याहून सक्तीनं दिल्या होत्या आणि सिंगापुरात आजवर त्यांचा काही उपयोग नव्हता. मी आत स्टुलावर, हातात टॉर्च, समोर माईक. आवाज नको म्हणून पंखा बंद. घामाच्या धारा लागल्या. वाळवंटाच्या माहितीपटाला ते साजेसंच आहे.

कपाटाबाहेर अनिमेष बसतो. नावावरून बंगाली वाटला, निघाला अमरावतीचा. पीएचडी करतोय, ध्वनीचं सगळं तो बघतो. मी वाचलेलं इथं उतरवून ठेवतो:

"भुंगेऱ्याच्या सदर योजनेस पंप लागत नाही, वीज लागत नाही, निविदा काढावी लागत नाही. लाभार्थी आणि ठेकेदार एकच असल्यामुळे तक्रारीस वाव नाही. भुंगेरा हा जबाबदार नागरिक आहे."

इथवर आलो आणि फटीतून पाहिलं, तर अनिमेष डोकं गुडघ्यांत घालून बसलेला आणि त्याचे खांदे थडथडत होते. मी बाहेर येऊन कपाळाला हात लावला. ताप नव्हता. "आत थंडी भरली असेल, क्रोसिन घे," म्हटलं. त्यानं नुसती मान हलवली, डोळ्यांत पाणी होतं. ही मुलं घरापासून लांब राहतात, तब्येतीकडे लक्ष देत नाहीत.

मध्येच खालून जुनं सामान घेणाऱ्याचा भोंगा वाजला, म्हणून अर्धा तास थांबलो. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांत, तेह हालिया प्यायलो. म्हणजे आल्याचा चहाच. घशाला चांगला.

१३ मार्च, सोमवार

सरड्यावर लिहिलं. वाळू फार तापली की हा सरडा एक पुढचा पाय आणि विरुद्ध बाजूचा एक मागचा पाय हवेत धरतो, थोड्या वेळानं ते टेकवून उरलेले दोन उचलतो. मी लिहिलं आहे: "याला पाळी पद्धत म्हणतात. कोणत्याही वेळी निम्मेच पाय कामावर असतात, तरी काम अडत नाही. पायांमध्ये यावरून वाद झाल्याची नोंद नाही."

जाईला वाचून दाखवलं. तिला आठवड्याची सुट्टी आहे. ती सोफ्यावरून खाली पडली. "आजोबा, सो फनी ला!" म्हणाली. मुलांना सरडे विचित्र वाटतात.

मधुमती स्वयंपाकघरात कढीला फोडणी देत होती. तीही हसत होती. तिच्या फोनवर बहिणी सारखं काहीतरी पाठवत असतात.

१८ मार्च, शनिवार

आज मीरकॅट आणि भुंकणारी पाल. मीरकॅट मुंगसाच्या कुळातले. एक जण उंचावर उभा राहून पहारा करतो, बाकीचे खातात, मग दुसरा पहाऱ्याला येतो. मी म्हटलं, "पहारेकऱ्यास सोडवायला माणूस वेळेवर येतो. ही बाब अनुकरणीय आहे."

पालीचं असं, की संध्याकाळ झाली की प्रत्येक नर आपल्या बिळाच्या तोंडाशी येऊन ओरडतो. "विषय सर्वांचा एकच: पत्नी हवी आहे. शेकडो अर्ज एकाच वेळी आल्यामुळे गोंगाट होतो. माद्या छाननी करतात. निर्णयाची कारणं कळवली जात नाहीत."

अनिमेष आज खोलीबाहेर जाऊन बसला होता. हेडफोनची वायर दाराखालून घेतली होती. मी वरुणला विचारलं, त्याला माझ्या आवाजाचा काही त्रास होतो का? वरुण म्हणाला, "नाही काका, त्याला तुमचं काम अतिशय आवडतंय."

आता एकच भाग राहिला, पखुर्डीचा. पखुर्डी म्हणजे माळावरचा कबुतराएवढा पक्षी, आपल्याकडेही असतो. वरुण म्हणतो, तो शेवट सगळ्यांत चांगला आहे.

खरं सांगायचं, तर निवृत्तीनंतर इतकं बरं मला पहिल्यांदाच वाटतंय. सकाळी उठल्यावर काम आहे, हे कळतं.

२१ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते लिहितो. सगळं लिहितो.

सकाळी जाईला शाळेत सोडून एलआरटीनं परत येत होतो. समोर दोन तरुण मराठी मुली बसल्या होत्या, आयटीतल्या असाव्यात, गळ्यात ऑफिसचे पास. एकीच्या फोनमधून माझा आवाज आला. "भुंगेरा हा जबाबदार नागरिक आहे." मला इतका आनंद झाला, की त्यांना ओळख सांगायला मी उठलोच.

तेवढ्यात दुसरी हसायला लागली. साधं हसणं नाही. ती मैत्रिणीच्या अंगावर कोसळत होती, काजळ पुसत होती. "पुन्हा लाव, ठेकेदारवालं पुन्हा लाव!" पहिली म्हणाली, "काय नट आहे गं! इतक्या सरळ तोंडानं बोलायचं म्हणजे!"

"नट नाहीये. ते काका खरंच तसे आहेत म्हणे. त्यांना माहीतच नाही आपण विनोदी फिल्ममध्ये आहोत ते."

मी उभाच होतो. माझं स्टेशन आलं, गेलं. गाडी गोल फिरून परत आली तेव्हा उतरलो.

घरी येऊन अनघाला फोन लावला. ती बुओना व्हिस्टाला ऑफिसात होती. "मेळाव्याची जाहिरात मला वाचून दाखव," म्हटलं. तिनं हळूच वाचली: "विनोदी माहितीपट. पोट धरून हसा." एक मिनिटाचा नमुना गेला आठवडाभर सगळ्यांच्या फोनवर फिरतोय. अनघाला माहीत होतं. सुबोधला माहीत होतं. मधुमतीला तर पहिल्या दिवसापासून.

म्हणजे ती खोकल्याची साथ नव्हती. अनिमेषला थंडीही भरली नव्हती.

आता मागचंही सगळं आठवायला लागलंय. निरोप समारंभात मी व्हॉल्व्हच्या देखभालीवर बोललो, तेव्हा साहेबांनी रुमाल काढला होता. मला वाटलं, गहिवरले. चौतीस वर्षं लोक माझ्याकडे बघून काय करत होते?

वरुणला फोन केला. म्हटलं, "राहिलेला भाग मी करणार नाही. झालेला ठेवायचा की नाही, ते तुझ्या मनाला विचार."

२२ मार्च, बुधवार

लिहिण्यासारखं काही नाही.

माळी आजही भर दुपारी पाणी घालत होता. मी गॅलरीत गेलो नाही. त्यानंच वर बघून दोनदा हात हलवला.

२४ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी मधुमती म्हणाली, "चला, खाली पाण्याकाठी जाऊन बसू." तीन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोललो होतो. कालव्याकाठी बाकावर बसलो. लहान मुलं सायकली चालवत होती. पाणी स्वच्छ होतं, पण मी काही म्हटलं नाही.

ती म्हणाली, "तुम्ही मला बघायला आला होतात, तेव्हा पहिला प्रश्न काय विचारलात, आठवतं?"

"तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं."

"मी पोहे आणते म्हणून आत गेले आणि पदर तोंडात कोंबून हसत बसले. आईला वाटलं, रडतेय. ती म्हणाली, नको असेल तर नाही सांगू आपण. मी म्हटलं, नाही म्हणालीस तर बघ."

मला हे कधीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मला वाटत होतं, मी गंभीर वाटलो म्हणून तू होकार दिलास."

"गंभीर वाटलातच. म्हणून तर."

"म्हणजे छत्तीस वर्षं तू हसतेयस?"

"चौतीस. दोन वर्षं तुम्ही धरणावर होतात."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "वरुणनं सांगायला हवं होतं. मीही सांगायला हवं होतं. ते चुकलंच आमचं. पण लिहायला बसलात की तुमचा चेहरा असा काही उजळायचा, मला धीर झाला नाही. आणि एक ऐका. घरात कुणी आजारी असो, दिवस वाईट असोत, तुम्ही तोंड उघडलंत की मला बरं वाटायचं. त्याला तुम्हाला हसणं म्हणत असाल तर म्हणा बापडे."

घरी परतताना तिनं माझा हात धरला होता. रस्ता सपाट होता, तरी.

२६ मार्च, रविवार

वरुण सकाळीच दारात. बरोबर काही आणलं नव्हतं, ते मला आवडलं. उभ्यानंच बोलला.

"काका, मी लबाडी केली. तुम्हाला कळलं तर तुम्ही तसं बोलणार नाही, याची भीती वाटली. म्हणून नाही सांगितलं. पण तुमची टर उडवायला नाही केलं. तिथं वाळवंटात मी आठ महिने होतो. रोज काहीतरी असं दिसायचं, की हसून हसून वाळूत बसायचो. आणि शेजारी मराठीत सांगायला कुणी नाही. मी एकटाच हसायचो. परत आल्यावर किती जणांना दाखवलं, कुणालाच ते तसं दिसेना. तुम्ही नळाबद्दल बोललात आणि मला वाटलं, सापडलं!"

मी विचारलं, "भुंगेऱ्याबद्दल मी सांगितलेलं काही चूक होतं का?"

"एक अक्षरही नाही."

"मग राहू दे ते."

आणि बोलता बोलता पखुर्डीचंही कबूल करून बसलो. जेवण करून दोघंही तोआ पायोहला गेलो.

इथं एक नवीनच अडचण उभी राहिली. कपाटात बसलो, टॉर्च लावला, तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की आता मला विनोद करायचा आहे. मी केला. "तर मंडळी, हे आमचे पखुर्डेराव!" असं म्हटलं. बाहेर अगदी शांतता. दुसऱ्यांदा आवाज बदलून पाहिला. तिसऱ्यांदा कोटी केली, ती इथं लिहीत नाही. फटीतून पाहिलं. अनिमेषचे खांदे स्थिर होते. तो जमिनीकडे बघत होता.

दोन तासांनी मीच बाहेर आलो. "जमत नाही रे," म्हटलं. "माझा आवाज आता मलाच ऐकू यायला लागलाय."

ठरलं असं, की तेवढ्या भागावर आवाज नको. वाऱ्याचा आवाज ठेवायचा आणि खाली मजकूर येऊ द्यायचा. मजकूर वरुणनं लिहिला, शुद्धलेखन मी तपासलं. चौदा चुका होत्या.

सोडवणूक झाली, पण मनाला लागलं. चौसष्ट वर्षं जे आपोआप येत होतं, ते कळल्या क्षणी गेलं.

२८ मार्च, मंगळवार. पाडवा.

गॅलरीत गुढी उभारली. शेजारच्या चिनी आजींनी येऊन पाहिली, तांब्या उलटा का, विचारलं. जाईनं काय सांगितलं कळलं नाही, पण आजी खूश होऊन संत्री देऊन गेल्या. श्रीखंड चांगलं झालं होतं.

दोन तारखेला जायचं की नाही, यावर अजून विचार चालू आहे. मी नसलो तरी फिल्म चालणार आहे. मी असलो, तर लोक पडद्याकडे बघतील का माझ्याकडे?

२ एप्रिल, रविवार

गेलो. आता संध्याकाळचे सहा वाजलेत, घरी येऊन अर्धा तास झाला. विसरायच्या आत लिहितो.

कम्युनिटी क्लबचं सभागृह भरलं होतं, दोनशे तरी माणसं असतील. पोरांना पुढं सतरंजीवर बसवलं होतं. मी मुद्दाम शेवटच्या रांगेत कडेला बसलो. शेजारी सुबोध, तो सकाळीच जकार्ताहून आला होता. अंधार झाला, भुंगेरा उलटा उभा राहिला आणि माझा आवाज सुरू झाला.

निविदेपाशी पहिला हशा आला. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. ठेकेदारापाशी दुसरा. मग कसं झालं सांगता येत नाही, पण मी लोकांकडे बघायला लागलो. पुढच्या रांगेतला एक टक्कल पडलेला गृहस्थ बायकोच्या हातावर चापट्या मारत होता. एक बाई पदरानं डोळे टिपत होत्या. आणि सगळे बघत होते भुंगेऱ्याकडे. त्याचं काय होतंय, थेंब तोंडात पडतोय की नाही, यात त्यांचा जीव होता. थेंब पडला तेव्हा कुणीतरी चक्क टाळी वाजवली. खात्याच्या कुठल्याही योजनेला मी टाळी ऐकलेली नाही.

सरडा झाला, मीरकॅट झाले, पालींना तर मध्येच शिट्ट्या आल्या. मग पखुर्डी आली. माझा आवाज थांबला. नुसता वारा, आणि खाली मजकूर.

अर्धं मिनिट गेलं असेल. पुढच्या सतरंजीवर चुळबूळ सुरू झाली. आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, की ही पोरं इथं इंग्रजी शाळांत जातात. त्यांना देवनागरी भरभर वाचता येत नाही! पडद्यावर नर पखुर्डी पाण्यात बसून पोट घुसळत होता, आणि जाईचा आवाज सगळ्या सभागृहात घुमला:

"आजोबा! व्हाय द बर्ड सिटिंग इन द वॉटर? काय करतोय तो?"

आता नातीनं विचारल्यावर उत्तर द्यायचं नाही का? मी जागेवरूनच म्हटलं, "टाकी भरतोय."

"विच टाकी?"

"पोटाची. आतली नव्हे, बाहेरची. त्याच्या पोटावरची पिसं पाणी धरून ठेवतात. त्याची पिल्लं लांब वाळवंटात आहेत, त्यांना उडता येत नाही. म्हणून तो स्वतःच टँकर झालाय."

हशा आला. मी पुढं बोलणार, तर माझं मलाच ऐकू येईना. म्हणून थांबलो. हशा ओसरायची वाट बघायची असते, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ओसरल्यावर पुढचं वाक्य टाकलं: "टँकरच्या फेऱ्यांची नोंदवही तो ठेवत नाही, कारण खोटी फेरी दाखवून त्याला काहीच मिळणार नाही."

वरुण कुठून तरी धावत आला आणि त्यानं माझ्या हातात माईक दिला. मी कधी उठलो, पुढं कधी गेलो, आठवत नाही. मुलं एकामागून एक विचारत होती. किती लांब जातो? वीस, कधी तीस किलोमीटर. ससाणा आला तर? पाण्यावर ससाणे टपलेलेच असतात, म्हणून हे शेकड्यांनी एकदम येतात आणि घाईनं टाकी भरतात. बाई का नाही आणत पाणी? बाईनं दिवसभर उन्हात अंडी सांभाळलेली असतात, तिची पाळी झालेली आहे. यावर सभागृहातल्या बायकांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

मग सतरंजीच्या कडेच्या एका छोट्या मुलीनं विचारलं, "वाटेत पाणी सांडत नाही का?"

मी म्हटलं, "सांडतं. उन्हानं उडूनही जातं. लोखंडी पाइपातूनसुद्धा पाणी गळतं बाळा, हा तर पिसांतून आणतो. लांबून यायचं असेल तर अर्ध्याहून जास्त जातं."

"मग तो काय करतो?"

"उरलेलं घेऊन जातो. आणि उद्या पुन्हा जातो."

यात विनोद नव्हता, मी केलाही नव्हता. सतरंजीवरची पोरं गुडघ्यांवर उठून बघायला लागली. पडद्यावर नर उतरला, ताठ उभा राहिला आणि दगडांच्या आडून तीन पिल्लं धावत आली. त्याच्या पोटाखाली शिरून ती पिसं चोखायला लागली. मी माईक खाली धरला. थोडा वेळ नुसता वारा. मग म्हटलं, "शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचलं. अशी नोंद करण्यात यावी."

काय झालं ते मी नीट लिहू शकत नाही. लोक उभे होते. हसत होते आणि नाक पुसत होते, दोन्ही एकदम. अनिमेष स्टेजच्या कोपऱ्यात उघडपणे, तोंड न लपवता हसत होता. वरुणनं मला मिठी मारली आणि कानात म्हणाला, "काका, आता मी एकटा नाही हसत." दाढी टोचते त्याची.

मागं आलो तेव्हा सुबोध चष्मा पुसत होता. अशा सभागृहांत एसी फार असतो, चष्म्यावर वाफ धरते. जाई त्याच्या मांडीवर चढून बसली होती. एवढी मोठी झाली तरी त्यानं तिला टॅक्सीपर्यंत उचलूनच आणलं. पुढच्या महिन्यात जकार्ताच्या फेऱ्या कमी करायला साहेबांना सांगणार आहे म्हणाला. अचानक का, ते काही बोलला नाही.

३ एप्रिल, सोमवार

आवाज पूर्ण बसला. एक शब्द फुटत नाही. अनघानं दोन दिवस मौन सांगितलंय, म्हणून कागदाच्या चिठ्ठ्या करून घेतल्या आहेत.

पहिली चिठ्ठी मधुमतीला दिली: "मिठाच्या गुळण्यांसाठी कोमट पाणी द्यावे. अर्धा पेला पुरे. उरलेले टाकू नये." तिनं वाचली आणि ओट्याला टेकून हसायला लागली. मी दुसरी लिहिली: "यात हसण्यासारखे काय आहे, ते कळावे." ती वाचल्यावर तिला उभं राहवेना. तिथंच खाली बसली, चिठ्ठी पदरात धरून.

तिला तशी बसलेली बघत होतो आणि मला छत्तीस वर्षांपूर्वीची ती पोह्यांची खोली डोळ्यांसमोर आली, जिच्यात मी नव्हतो. मग माझंही सुटलं. घशातून आवाजच येत नव्हता, त्यामुळे कुणाला काही ऐकू गेलं नाही. जाई शाळेचे बूट घालत होती. तिनं वर बघितलं, जवळ आली, माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि आतल्या खोलीकडे ओरडत पळाली,

"मम्मा, कम क्विक! आजोबा हसतायत!"